शून्याचा हट्ट आणि खाऱ्या पाण्याची टाकी

मित्राने प्रेमाने दिलेला दगड मी दुसऱ्याच दिवशी त्याला परत नेऊन दिला. मुठीएवढा दगड, ओल्या कागदात गुंडाळलेला. बादलीत सोडल्यावर अर्ध्या तासात त्याच्या एका भोकातून करंगळीएवढा लालसर किडा बाहेर आला. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस. बादलीचा तळ चाचपून तो पुन्हा आत गेला. दगडाला शेवाळ होतं, जांभळे चट्टे होते, कसले कसले पोपडे होते आणि एक ओलसर समुद्री वास होता. "माझ्या नव्या टाकीत हे नको रे," मी म्हणाले. त्याने वाद घातला नाही. "लागेल तेव्हा सांग," म्हणाला आणि दगड आपल्या टाकीत सोडून दिला. गेली दहा वर्षं तो प्रवाळांच्या टाक्या सांभाळतोय, तेव्हा पुढे काय होणार हे त्याला दिसत असणार. तो दगड मागायला मला सात महिन्यांनी पुन्हा त्याच्याकडे जावं लागलं.

गोड्या पाण्याच्या टाकीचा मला चार वर्षांचा अनुभव होता, आणि तोच नडला. त्या टाकीत काच लख्ख, पाणी नितळ, रेती पांढरी आणि मासे खूश असं सरळ गणित होतं. खाऱ्या पाण्यातही तेच थोडं जास्त निगुतीने करायचं, अशी माझी समजूत होती.

टाकी घेतली ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची. पहिली टाकी लहान असावी असं नवख्याला वाटतं, पण खाऱ्या पाण्यात लहान टाकीच जास्त अवघड जाते. पाणी थोडं असलं की चूक लगेच अंगावर येते. खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे हीटर, पंप आणि स्किमर ठेवायची दुसरी छोटी टाकी. दोन्ही मिळून, दगडांची जागा वजा जाता, साधारण १९० लिटर पाणी. दगड, रेती, काच धरून वजन अडीचशे किलोच्या वर जातं. पाणसळ लावून स्टँडची पातळी बघण्यात मी एक अख्खा दिवस घालवला, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

सामानातलं सगळ्यात गमतीचं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुड्यांचा दाट फेस धरतो, गोड्या पाण्यात तसा धरत नाही. पाण्यातली सेंद्रिय घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या कपात काळ्या चहासारखी साठते. त्या कपाचा वास एकदा घेतलेला माणूस दुसऱ्यांदा नाक जवळ नेत नाही. मला मात्र तो कप भरलेला बघून जे समाधान व्हायचं ते सांगून समजणार नाही. पाण्यातून केवढी घाण निघाली! हा आनंदच पुढे महागात पडला.

दगड मी कोरडे घेतले, वर्षानुवर्षं वाळलेले, पांढरे. त्यांनाही मी ब्लीचच्या पाण्यात बुडवलं, ब्रशने घासलं, धुतलं, सुकवलं. मित्र फोनवर म्हणाला, "मेलेल्याला पुन्हा मारतेयस." मी हसले. रेती अरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची, तीही बादलीत पाणी नितळ होईस्तोवर धुतली.

पाणी नळाचं चालत नाही. क्लोरीन, तांबं, फॉस्फेट, सिलिकेट यांतलं काहीही त्यात असू शकतं, म्हणून आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआयची नळी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य दाखवणारं पाणी काढायचं. त्यात दर लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर समुद्री मीठ घालायचं. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, कारण तसं केलं की दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका धरतो आणि मग तो विरघळत नाही. पंप लावून रात्रभर घुसळायचं, सकाळी मोजायचं. विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारात ३५ भाग क्षार. मोजायला मी आधी तरंगत्या काट्याचं स्वस्त साधन आणलं होतं. काट्याला एक बुडबुडा चिकटला की ते वाटेल ते सांगायचं. मग रिफ्रॅक्टोमीटर घेतला, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा सांगणारं साधन, आणि तो साध्या पाण्यावर नाही तर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवायचा असतो हे बऱ्याच नंतर समजलं.

टाकी भरली त्या रात्री वीज गेली. पंप थांबला. पाणी वर आणणाऱ्या नळीचं तोंड टाकीत पाण्याखाली चार बोटं बुडालेलं होतं, त्यामुळे उलटा सायफन सुरू झाला आणि वरचं पाणी निवांतपणे खाली सम्पमध्ये उतरत राहिलं. सम्प भरला, मग फरशी. नवऱ्याचा पाय पहाटे पाण्यात पडला आणि आमच्या घरात पहिल्यांदा समुद्र ही शिवी झाली. तळाशी एक्स्टेन्शन बोर्ड होता. तो भिंतीला चार बोटं वर टांगलेला होता म्हणूनच हे सगळं आज हसत सांगता येतंय. उपाय अगदी साधा निघाला. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली नळीला एक बारीक भोक पाडलं. पातळी उतरली की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. त्यानंतर मी मुद्दाम पंप बंद करून, सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघून तिथे रेघ मारली. नवी टाकी भरणाऱ्याने वीज जायची वाट बघू नये, पहिल्याच दिवशी प्लग आपल्या हाताने काढून बघावा.

दुसरी चूक जास्त बावळटपणाची होती. टाकीतून रोज दोनेक लिटर पाणी उडून जायचं आणि मी तेवढंच खारं पाणी तयार करून ओतायचे. दहाव्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने १.०२९ दाखवलं. उडतं ते पाणी, मीठ जागच्या जागी राहतं, हे शाळेत मिठागरांच्या धड्यात शिकलेलं असूनही डोक्यात शिरायला दहा दिवस आणि पाऊण किलो मीठ लागलं. टाकीत अजून जीव नव्हता म्हणून निभावलं. आता सम्पला तरंगता खटका आहे; पातळी उतरली की शेजारच्या कॅनमधून गोडं पाणी आपोआप येतं.

मग सुरू झालं वाट बघणं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि रेतीत वस्ती करतात, पण ती बसायला महिना-दीड महिना जातो. मी बाटलीतले जिवाणू आणले आणि त्यांना खायला अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर, म्हणजे दहा लाखात दोन भागांवर, नेला. रोज रात्री परीक्षानळ्यांत थेंब मोजायचे, रंग जुळवायचे, वहीत लिहायचं. नवव्या दिवशी नायट्राइटचा पहिला जांभळा रंग आला.

त्याच आठवड्यात आई आली. दिवे लागलेले, पंप चालू, पाणी गोल फिरतंय, आत नुसते दगड. ती बराच वेळ टाकीत डोकावत राहिली.

"अगं, मासे कुठायत?"

"अजून आणले नाहीत."

"मग हे सगळं कोणासाठी चालू आहे?"

"जिवाणू वाढवतेय."

"जंतू घालवण्यात माझा जन्म गेला," आई म्हणाली, "आणि तू विकत आणून वाढवतेस?"

एकतिसाव्या दिवशी घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला, नायट्राइटही शून्य. वहीत मी त्या दोन शून्यांभोवती लाल गोल काढले. शून्याची चटक लागली ती इथून.

तोवर दगडांवर तपकिरी भुकटी बसायला लागली होती. डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवालं. नव्या टाकीत पाण्यातलं आणि दगड-रेतीतलं सिलिकेट खाऊन वाढतात आणि ते संपलं की बहुतेक आपोआप ओसरतात. या टप्प्याला छंदी लोक कुरूप काळ म्हणतात आणि हात बांधून बसायला सांगतात. मी कसली बसते? रोज सकाळी दात घासायच्या ब्रशने दगड घासायचे, नळीने रेती ओढून काढायचे. डायटम गेले तर मोकळ्या झालेल्या जागेवर हिरवे केस उगवले, केसांसारखं शेवाळ. तेही मी चिमट्याने उपटले. आता कळतं की प्रत्येक वेळी मी जागा रिकामी करत होते आणि तिथे बसायला दुसरं कुणीच येऊ देत नव्हते.

शेवाळ खायला गोगलगायी आणल्या. त्यांतल्या शिखरासारख्या शंखाच्या काही उलट्या पडल्या की त्यांना सरळ होता येत नाही. रेतीवर पाय हलवत तशाच पडून राहतात, आणि कुणी उचललं नाही तर मरतात. ऑफिसला जायच्या आधी टाकीत हात घालून चार गोगलगायी सरळ करणं हा माझा काही दिवस नित्यक्रम होता. दुसऱ्या जातीच्या गोगलगायींना स्वतःहून सरळ होता येतं हे दुकानात कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

मासे दोनच आणले, टाकीत पैदा झालेले क्लाउनफिश, दोन्ही बोटाच्या पेरापेक्षा जरासे मोठे. त्यांना महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवलं. स्वच्छतेचा माझा हट्ट एका ठिकाणी कामी आला असेल तर तो इथे. रेती-दगड नसलेली ४० लिटरची टाकी, त्यात हीटर, लपायला प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे आणि आधी तीन आठवडे सम्पमध्ये ठेवून जिवाणू बसवलेला स्पंज. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आणतो. एकदा मुख्य टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. त्याच्यावरचं जुनं औषध म्हणजे तांबं, आणि तांब्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळेच मरतात. म्हणून औषध करायचं ते वेगळ्या टाकीतच. क्वारंटाइनच्या बाबतीत मी आजही तसूभर हटत नाही.

क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीत जो वरचढ ठरतो तो वाढतो आणि मादी होतो; मादी मेली तर उरलेला नर तिची जागा घेतो. आमच्याकडे सुरुवातीचा महिना भांडणात गेला, मग एकाने दुसऱ्यासमोर थरथरून शरणागती पत्करली. आज मादी नराच्या दीडपट आहे.

कोळंबी आणली तेव्हा मी दोनच दिवसांत रडले. सकाळी दगडाखाली ती पांढरीफटक, निर्जीव पडलेली. मोजून पाणी बघितलं, सगळं ठीक. दुपारी खरी कोळंबी गुहेतून मिशा हलवत बाहेर आली. तिने कात टाकली होती. मी शोक करत बसले होते तो नुसता सांगाडा होता.

चौथ्या महिन्यात प्रवाळ आले. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (धोक्यातल्या वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या परिशिष्ट २ खाली येतो आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात, म्हणून काय ठेवता येतं ते आधी वाचून घेतलं. मी मऊ प्रवाळांवरच थांबले, तेही टाकीत वाढवलेले तुकडे. झोअँथिडची दहा-बारा तोंडांची वसाहत, दोन मश्रूम, एक लेदर; ही सगळी प्रवाळांचीच नावं. ते टाकीत सोडण्याआधी औषधी पाण्यात बुचकळायचे, म्हणजे अंगावरचे किडे गळतात. मी सरसावून मित्राला विचारलं, "ज्या दगडावर चिकटलेत तो उकळून घेऊ का?" तो फोनवर जवळजवळ ओरडला. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. असे दगड उकळले की ते वाफेबरोबर छातीत जातं. माणसं त्यापायी इस्पितळात पोचलेली आहेत. त्या दिवसापासून हातमोजे आणि चष्म्याशिवाय मी झोअँथिडला हात लावत नाही.

प्रकाश पडल्यावर ती तोंडं उमलली तेव्हा मी खुर्ची ओढून दोन तास बसून होते. केशरी कडा, हिरवे मध्य, पाण्याबरोबर डोलणारी. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न बनवतात आणि यजमानाला देतात. लेदर मात्र चौथ्या दिवशी मिटला, अंगावर मेणासारखी साय आली, दहा दिवस तसाच. मी जागा बदलायला निघाले होते. मित्राने हात लावू दिला नाही. अकराव्या दिवशी साय फाटून वाहून गेली आणि आतून तो चांगला टवटवीत निघाला. त्याची ती अंघोळ असते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. हिरवे केस अधूनमधून डोकं वर काढतच होते. वाचून समजलं की शेवाळाचं खाद्य नायट्रेट आणि फॉस्फेट. मग ते काढून टाकलं की झालं. स्किमरचा फेस वाढवला. आठवड्यातून दोनदा २० टक्के पाणी बदलायला लागले. फॉस्फेट शोषणारे लोहाचे लाल दाणे पिशवीत भरून सम्पमध्ये टांगले. माशांना दिवसाआड खायला. महिन्याभरात वहीत पुन्हा दोन शून्यं आली, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. शेवाळ गेलं. टाकी दुकानातल्या फोटोसारखी. मी मित्राला टेस्टचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बाप रे. माशांना जेवू घाल आधी."

मला ते लागलं. शाबासकी हवी होती.

दोन आठवड्यांनी रेतीवर तपकिरी शेंबूड दिसला. दुसरा शब्द नाही त्याला. दगडांच्या टोकांवरून लोंबणाऱ्या तारा, प्रत्येक तारेच्या शेवटी एक बुडबुडा. ओढून काढला की संध्याकाळपर्यंत परत. गंमत म्हणजे रात्री जवळजवळ नाहीसा व्हायचा, आणि दिवे लागून चार तास झाले की पुन्हा सगळीकडे. झोअँथिड मिटले. मग गोगलगायी मरायला लागल्या, रोज एक-दोन. त्या उलट्या पडून मेल्या असाव्यात म्हणून आठवडाभर मी त्यांना नुसती सरळ करत राहिले.

मित्र जुना सूक्ष्मदर्शक घेऊन आला. चारशेपट मोठं करून बघितलं तर काचेवर थेंबाच्या आकाराचे शेकडो जीव, टोकदार बाजू जणू खुंटीला बांधलेली आहे अशा रीतीने जागच्या जागी गरगर फिरत होते. "ऑस्ट्रिऑप्सिस," तो म्हणाला. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एक प्रकारचे सूक्ष्म एकपेशीय जीव. यांची विषं पॅलिटॉक्सिनच्याच कुळातली, म्हणून गोगलगायी मरत होत्या. मी विचारलं, "आले कुठून?" तो म्हणाला, थोडेफार बहुतेक प्रत्येक टाकीत असतात. शेवाळ आणि जिवाणू जागा अडवून बसलेले असतात तोवर यांना कोण विचारतो? तू त्या सगळ्यांना उपाशी मारलंस. हे मात्र नाही मेले, यांचं थोडक्यात भागतं.

त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मी त्या रात्री बराच वेळ चघळत होते. प्रवाळाच्या पोटात राहून त्याला जेवू घालणारी ती शैवालंही डायनोफ्लॅजेलेटच असतात. एकाच कुळातले घरातले आणि दारातले.

उपाय ऐकून माझ्या जिवावर आलं. जे जे मी काढत होते ते विकत आणून पाण्यात घालायचं. लाल दाणे फेकले. पाणी बदलणं थांबवलं. ही टाकी अस्वच्छ ठेवायची आहे, असं वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. सोडियम नायट्रेटचं द्रावण बनवून रोज मोजून घातलं, फॉस्फेटचंही. नवं फॉस्फेट दोन दिवस टेस्टमध्ये दिसतच नव्हतं. आत घातलं की दगड शोषून घ्यायचे. माशांना दिवसातून दोनदा गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव. तीन दिवस दिवे बंद आणि टाकीला काळं कापड. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री रेती सोडून पाण्यात तरंगायला निघतो, म्हणून अतिनील दिव्याची नळी थेट वरच्या टाकीत जोडली. पाणी तीतून हळू जाईल इतपतच पंप. विष शोषून घ्यायला कार्बनची पिशवी, दर चार दिवसांनी नवी. जात ओळखून घेतल्याचा फायदा इथे कळला. रेतीतच राहणारी दुसरी एक जात आहे, अँफिडिनियम, तिच्यावर हा दिवा वाया गेला असता.

आणि मित्राकडे जाऊन मी म्हणाले, "तो दगड देतोस?"

त्याने काही न बोलता दगड काढून दिला. उलट त्याच्या सम्पच्या तळातली दोन मुठी काळपट रेतीही डब्यात भरून दिली. घरी येताना मी त्याला विचारलं होतं, हे सगळं मला पहिल्या दिवशी का नाही समजावलंस? तो म्हणाला, "तू ऐकलं असतंस?"

जिवंत दगडावर, म्हणजे अशा जीवांनी भरलेल्या दगडावर, टाकी चालवायची रीत तशी जुनी आहे. जकार्ताच्या ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये ती इंग्रजी मासिकात लिहून मांडली: समुद्रातून आणलेले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे, प्रकाश, बाकी फारसं काही नाही. तेव्हाच्या टाक्यांत शोभेसाठी प्रवाळांचे ब्लीच केलेले पांढरे सांगाडे ठेवायची पद्धत होती, आणि त्यांवर शेवाळ आलं की काढून पुन्हा ब्लीच करायचे. हे वाचताना मला माझी ब्लीचची बादली आठवली. त्याहून मागे, १८४६ मध्ये, अ‍ॅना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ लंडनला घेऊन गेल्या. पंप नव्हता, वीज नव्हती. घरातली नोकराणी रोज खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पुढे बाईंनी समुद्री शेवाळ आणून टाकीत ठेवलं आणि ओतण्याचं काम हलकं झालं. पंपाचा आवाज होतो अशी नवऱ्याने तक्रार केली की मी त्याला त्या नोकराणीची गोष्ट सांगते.

दगड टाकीत ठेवल्यावर आठवड्याने रात्री टॉर्च मारून बघितलं. काचेवर तांदळाच्या कणीएवढे कितीतरी जीव पळत होते. एका भोकातून पिसासारखा पंखा बाहेर आला आणि उजेड पडताच मिटला. आणि तो केसाळ किडा, तोच की त्याचा नातू कोण जाणे, दगडाखालचं उरलेलं मायसिस ओढून नेत होता. याला हाताने धरायचं नाही, केस काचेच्या लोकरीसारखे कातडीत मोडतात. पण टाकीतलं सांडलेलं-उरलेलं खाऊन टाकणारा याच्यासारखा कुणी नाही.

फुकट काही मिळत नाही. त्या दगडाबरोबर आयप्टेशियाही आला, पारदर्शक तपकिरी, ताडाच्या झाडासारखा दिसणारा छोटा अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रफूल. शेजारच्या प्रवाळांना डंख मारतो, आणि चिरडायला गेलं की त्याच्या तुकड्यांतून नवे उगवतात. मी एक चिरडला, पाच झाले. मग पेपरमिंट कोळंब्या आणल्या. त्यांनी पहिला आठवडा मायसिस खाण्यात घालवला, दुसऱ्या आठवड्यात कामाला लागल्या. आजही मागच्या कोपऱ्यात दोन आयप्टेशिया आहेत. त्यांचं आणि माझं आता बोलणं बंद आहे.

शेंबूड जायला सहा आठवडे लागले. एका दिवसात गेला असं नाही. एक दिवस लक्षात आलं की चार दिवस दिसलेला नाही. त्याच्या जागी आधी हिरवट थर आला. माझा हात ब्रशकडे गेला होता, तो मी परत आणला. मग पंपाच्या काळ्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके उमटले. कोरलाइन शैवाल. मित्राच्या दगडावरचे ज्यांना मी चट्टे म्हणाले होते तेच.

हे सगळं होऊन आता दीड वर्ष उलटलंय. नायट्रेट ८ पीपीएमच्या आसपास असतं, फॉस्फेट ०.०६. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप, ८ डीकेएच. मऊ प्रवाळांना चुनखडीचा सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा १० टक्के पाणी बदललं की पुरतं. तापमान २५ ते २६. झोअँथिडची दहा-बारा तोंडं होती, मागच्या महिन्यात मोजायला बसले आणि नव्वदच्या पुढे सोडून दिलं. मागची काच मी आता पुसतच नाही, तिच्यावर गोगलगायी चरतात. फक्त पुढची पुसते, तीही आठवड्यातून दोनदा, चुंबकाच्या पुसणीने. आतला तुकडा टाकीत, बाहेरचा आपल्या हातात.

अ‍ॅनिमोन नसला तरी क्लाउनफिश कशालाही घर मानतात हे ऐकलं होतं. लेदर इतका मऊ, इतका ऐसपैस, समोर डोलतोय. पण आमच्या मादीने घर म्हणून निवडली ती ही पुसणी. उजव्या कोपऱ्यात काचेला चिकटलेल्या त्या काळ्या तुकड्याला ती रात्री अंग घासून झोपते, दिवसा त्याच्याभोवती पहारा देते. मी बाहेरून चुंबक सरकवायला लागले की ती काचेवर येऊन आपटते, आणि आत हात घालावा तर अंगठ्याशेजारच्या कातडीला असा कडकडून चावा घेते की हात आपोआप बाहेर येतो. परवा नवरा म्हणाला, काच फार धुरकट झालीय. मी म्हटलं, तिला विचार.